बिनमिठाचा भात

तिसगाव,
२५ ऑगस्ट १९७१

ती. सौ. आक्कास कानिफचा शि. सा. नमस्कार.

पत्राची जाडी पाहून घाबरू नकोस. घरातली माणसं धड आहेत. आजारी आहे तो कुत्रा. कारभारी नानांचा भुऱ्या. म्हणजे राहीचा. म्हणजे आता माझा.

आषाढात नाना राहीला तुमच्या पुणतांब्याला तिच्या मामाकडे ठेवायला निघाले, तेव्हा गाडीमागं पळू नये म्हणून त्यांनी भुऱ्याला साखळीनं बांधलं. तो साखळीच चावत बसला. दाढा फुटल्या, डोळ्याखाली लिंबाएवढी गाठ आली, पू वाहायला लागला. श्रावणात नाना पुणतांब्याहून दुसऱ्यांदा परत आले आणि त्यांनी त्याला मोकळा सोडला. तो बांध ओलांडून आपल्या वस्तीवर आला आणि आमच्या ओट्याखाली जो बसला तो उठलाच नाही.

काल त्याला कांद्याच्या ट्रकमधून नगरला गुरांच्या दवाखान्यात नेलं. एसटीचा कंडक्टर घेईना. त्याला चार शब्द सुनावले, ते लिहीत नाही. डॉक्टरांनी भूल देऊन तीन दाढा उपटल्या, हाडाचा सडका भाग खरवडला, टाके घातले. एक गोष्ट सांगतो, दाजींना विचार. भुलीत जीभ बाहेर लोंबत असताना त्याची शेपटी हलली. ओळखीचं माणूस दारात आल्यावर हलते तशी. डॉक्टर म्हणाले, असं होत नाही. मी पाहिलं ना!

नाना हल्ली कुणाशी बोलत नाहीत. बांधापलीकडं विहिरीच्या थारोळ्याच्या दगडावर बसून असतात. मला पाहिलं की मान खाली. लाज वाटत असेल. वाटू दे. गावाला सांगतात, राही मामाकडं शिवणकाम शिकतेय. मला सगळं समजतं. कॉलेज अर्धवट सोडलेला, वसतिगृहाच्या रेक्टरवर हात टाकलेला जावई त्यांना नको. पण त्या रेक्टरनं राहीचं पत्र मेसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आक्का. परत वाचलं तर परत मारीन.

मामांचं घर तुमच्या आळीपासून लांब नाही. तिला गाठ आणि एवढंच सांग, भुऱ्या माझ्याकडं आहे आणि मी त्याला जगवतोय. तो जगला तर ती येणार, असं मी मनात धरलंय. हसू नकोस. आणि दाजींना विचार, याला खायला काय घालू? तोंडाला हात लावू देत नाही.

तुझा
कानिफ

---

पुणतांबा,
२९ ऑगस्ट

चि. कानिफ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हे गुरांच्या दवाखान्यातून कामावरून आल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं ते लिहिते, नीट वाच, तुझ्या घाईनं वाचू नको.

आधी नुसती पेज. तांदळाची, गाळून, कोमट. गरम अजिबात नको. गरमानं टाके सैल पडतात आणि रक्त येतं. दुधात निम्मं पाणी. मीठ-मिरची काही नाही. तोंडानं पीत नसेल तर आईच्या फडताळात तुला लहानपणी दूध पाजायचं बोंडलं असेल, ते त्याच्या गालाच्या कडेला लावून थोडं थोडं सोड. मान वर करून ओतू नको, छातीत जाईल. चार दिसांनी मऊ भात बोटांनी मोडून दे. भाकरी दुधात पार विरघळेपर्यंत भिजव. हाडूक दिसू देऊ नको. खाऊन झालं की पोटॅशच्या पाण्यानं तोंड धू. पाणी फिक्कं गुलाबी पाहिजे, जांभळं नको. सल्फाची गोळी कुटून लोण्यात कालव. पंजानं तोंड खाजवत असेल तर जुन्या टोपलीचं बूड काढून ती गळ्यात अडकव.

हे म्हणतात, महिनाभर तरी त्याला सोडून कुठं जायचं नाही. एक दिवस जरी दुसऱ्याच्या हाती दिलास तरी केलेलं सगळं वाया.

राहीचं विचारलंस. मामांच्या घरी माझं येणं-जाणं राहिलं नाही. यंदा गोदेला पाणी लई आहे. मी धुणंसुद्धा घरीच धुते, घाटावर जात नाही.

तू जेवत जा.

तुझी
चांगुणाक्का

---

तिसगाव,
२ सप्टेंबर

ती. सौ. आक्कास,

बोंडलं सापडलं. आईनं दिलं, पण टोमणा मारूनच. “बायकोचं बाळंतपण असतं तर एवढं केलं असतंस का रं?” म्हटलं, बायको आण, मग बघ. त्यावर ती चुलीकडं वळली. हल्ली राहीचा विषय आला की सगळेच गप्प होतात. तूसुद्धा! दोन आळ्या ओलांडून जायचं तर ‘येणं-जाणं राहिलं नाही’? तुमचं भांडण झालंय का? आणि महिना कशाला? नगरचे डॉक्टर पंधरा दिवस म्हणाले होते. दाजींना नीट विचार.

असो. भुऱ्याचं ऐक. टोपली घातली. जत्रेतल्या सोंगासारखा दिसतो. जखमेचा वास कमी झालाय, लाळेतलं रक्त थांबलंय. पण खात नाही. बोंडल्यानं सोडलेली पेज निम्मी बाहेर ओघळते. बरगड्या मोजाव्यात असा झालाय. हात लावू देतो आता, डोकं मांडीवर टाकतो, डोळे मिटतो, पण गिळत नाही. जणू कुणी सांगून ठेवलंय, मी येईपर्यंत खाऊ नको.

काल एक युक्ती सापडली. वैतागून मी म्हणालो, “राही येईल तेव्हा तिला काय तोंड दाखवू रे?” राही म्हटल्याबरोबर टोपलीतले कान उभे राहिले आणि त्यानं घोट गिळला. मग मी ‘राही, राही’ म्हणत वाटीभर पेज पाजली. आता तसंच करतो. आई कानांवर हात ठेवते.

दुसरं सांगू की नको कळत नाही. भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की तो उठतो. बांधावरच्या लिंबाकडं तोंड करून बसतो. तिथं कुणी नसतं. शेपटी हलवतो. थोड्या वेळानं मान हळूहळू वळवत कुणीतरी चालत जातंय तसं बघतो, थेट आमच्या ओट्यापर्यंत. मग ओट्याशी नाक नेऊन वास घेतो. आक्का, परवा तिथली माती ओली होती. आई म्हणते तिनं पाणी सांडलं असेल. सांडलं असेल.

त्याच्या गळ्यात एक घुंगरू असायचं, पितळेचं, एका बाजूनं चेपलेलं. राहीनं जाताना ते काढून नेलं. मला बांधावरून दाखवून पदराला गाठ मारली होती. तेवढं तिच्याकडून मागून पाठव. तिचा हात लागलेलं काही जवळ असलं तर तो खाईल. भांडण बाजूला ठेव आणि जा.

कानिफ

---

पुणतांबा,
६ सप्टेंबर

चि. कानिफ,

तिसगावचा एक बैलवाला बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर पुडी पाठवलीय. तुला पाहिजे होतं ते आहे. तिनं दिलंय असंच समज.

भेटण्याचं, निरोपाचं आता काही काढू नको. मिळालं ते भुऱ्याच्या गळ्यात बांध आणि त्याला खाऊ घाल. महिना म्हटलंय तर महिनाच.

दुपारचं त्याला घरात घे. ओट्यावर बसू देऊ नको. आणि नाव घेऊन बोलवत जाऊ नको, एवढं माझं ऐक. दुसरी काहीतरी युक्ती काढ.

मी बरी आहे. झोप येत नाही एवढंच.

चांगुणाक्का

---

तिसगाव,
१० सप्टेंबर

आक्का, आक्का, आक्का!

तू माझी आक्का शोभतेस! तिनं दिलं! तेच, चेपलेलं. मी ते कानाशी वाजवलं, गालाला लावलं, आईसमोर लावलं, मला कुणाची लाज नाही. गार होतं. एवढ्या उन्हातून आलं तरी गार.

भुऱ्यानं ते हुंगलं आणि असा रडला, असा रडला की गडी गोठ्यातून पळत आला. मग त्यानं खाल्लं. पेज नाही, भात! दूधभात, मोडून, बिनमिठाचा, तू लिहिलास तसा. पितळीला दात लागला की कळ येते म्हणून तो भांड्याला तोंड लावत नाही. मग मी पळसाच्या पानावर वाढलं. ओट्यापुढं सावली नसली तरी त्याला तीच जागा हवी. घरात नेला तर दार ओरबाडतो. मुंग्या लगेच येतात, म्हणून पानाभोवती पाण्याची रेघ ओढतो. मग उकिडवा बसतो आणि हाक मारतो, “राही, ये गं, ये.” तू नको म्हणतेस, पण त्याशिवाय तो पहिला घास घेत नाही. त्यात तुझं काय जातं?

आई चिडते. “आरं, पितर चाललेत. ऐन दुपारी अंगणात पान मांडून हाका मारतोस, बघणारा काय म्हणंल?” म्हटलं, भुऱ्याचे पितर कोण ते विचारून सांगतो.

बघणारा एकच आहे. नाना. थारोळ्यावरून टक लावून बघतात. परवा पहिल्यांदा घुंगरू वाजलं तेव्हा उभे राहिले, पटका हातात, आणि तसेच उभे. घाबरले! कळलं असेल ना पोरीनं काय पाठवलंय ते.

मी बुधवारी येतोय. पंधरा तारखेला, नगरवरून. भुऱ्याला आई बघेल, नाहीतर बरोबर आणीन. मामांच्या दारात उभा राहून विचारणार. तिनं हो म्हटलं तर तिथूनच घेऊन जाईन, मग मामा असो की मामाचा बाप. दाजींना सांगून ठेव, भांडण झालं तर त्यांनी मधे पडू नये.

तुझा
कानिफ

---

पुणतांबा,
१२ सप्टेंबर

कानिफ, येऊ नको. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. बुधवारी निघू नको. हे स्वतः तिकडं यायला निघतायत, ते आल्यावर बोला. तोवर कारभारी नानांशी एक शब्द बोलू नको. कार्ड उघडं आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

चांगुणा

---

तिसगाव,
१४ सप्टेंबर

आक्का,

तुझं कार्ड आज सकाळी मिळालं. नाना काल येऊन गेले.

सगळं लिहितो. लिहितोच, कारण बोलायला गेलो तर मी काय करीन सांगता येत नाही.

दुपारची वेळ. पान मांडलं, भात मोडला, पाणी फिरवलं. हाक मारली. भुऱ्यानं कान टवकारले, पण भाताला तोंड लावेना, लिंबाकडं बघत बसला. मी परत हाक मारली. तेवढ्यात बांध उतरून नाना आले. डोकं उघडं. पावलं अशी टाकत होते की खाली जमीन आहे की नाही याची खात्री नसावी. गवत कापायचा विळा ओट्यावर होता, तो मी उचलला. म्हटलं, भुऱ्याला न्यायला आले असतील तर आज होऊन जाऊ दे.

त्यांनी विळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भुऱ्याच्या गळ्याकडं बोट केलं.

“हे कुठलं?”

“तिनं पाठवलंय. तुमच्या नाकावर टिच्चून पाठवलंय.”

“कवा?”

“आठवडा झाला.”

“आठवडा,” ते म्हणाले आणि खाली बसले. पानासमोरच. बराच वेळ पाण्याची रेघ बघत होते. मग हळू विचारलं, “कावळा शिवला का?”

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

“काय म्हणता?”

“रोज बघतुय मी थारोळ्यावरनं. भात ठिवतोस, पानी फिरवतोस, नाव घेऊन बोलवतोस. माज्या घरात मला पान मांडता येईना. राहीच्या पाठची लंकी लहान हाय, तिच्या कानावर जाईल, गावात जाईल, मंग तिला कोन करून घेईल? म्हनलं, ह्यो करतुय तर करू द्या. ज्याच्यासाठी झुरली त्यानं केलं तर पोचंल तिला. पन कावळा काय येताना दिसंना. म्हनून आलो. काय राहिलं आसंल तिच्या मनात, ते तुला म्हाईत. तू कबूल कर बाबा. तू म्हनशील त्याला मी तयार हाय.”

“नाना,” मी म्हणालो, “हा भुऱ्याचा भात आहे.”

त्यांनी भुऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

“दाढा काढल्यात त्याच्या. त्याला चावता येत नाही. मुंग्या लागतात म्हणून पाणी फिरवतो. तिचं नाव घेतलं की खातो म्हणून…”

मी बोलत गेलो. दवाखाना, टाके, बोंडलं, सगळं सांगत गेलो. थांबलो असतो तर त्यांनी जे म्हटलं ते ऐकावं लागलं असतं. शेवटी सांगायचं काही उरलं नाही.

नाना म्हणाले, “मंग तुला म्हाईत न्हाई?”

आक्का, माझ्या हातात विळा होता. तो कधी खाली पडला मला आठवत नाही. आई दारात होती, तिनं पदर तोंडात कोंबला होता. तिलाही माहीत नव्हतं, पण माझ्याआधी तिला अंदाज आला होता.

जाताना नाना एवढंच म्हणाले, “घुंगरू तिच्या पदराच्या गाठीत हुतं. म्या बघितलं हुतं. म्हनलं, तिच्यासंगं जळालं. आन् परवा भर दुपारी ते बांधाकडनं वाजलं.”

तिनं दिलंय असंच समज. असं लिहिलंस तू. आता लिही. माझा राग येईल म्हणून काही गाळू नको. दाजींना इकडं पाठवू नको.

कानिफ

---

पुणतांबा,
१७ सप्टेंबर

कानिफ,

श्रावणात, सोमवारी, ती धुणं घेऊन घाटावर गेली. पाणी चढलेलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला खालच्या अंगाला सापडली. पाय घसरला म्हणतात. मी पण तेच म्हणते. तू पण तेच म्हण.

आपल्या गावची म्हणून बायांनी मला बोलावलं. आंघोळ मी घातली. केस मी विंचरले. पदराची गाठ भिजून एवढी घट्ट झाली होती की दातानं सोडवावी लागली. घुंगरू मी ठेवून घेतलं. का ते मला सांगता येत नाही. जाळावंसं वाटलं नाही. नानांनी माझे पाय धरले, म्हणाले, तिसगावला कळू देऊ नको. बापाच्या वयाचा माणूस पाय धरतो म्हटल्यावर मी काय करणार होते?

मला तुझी भीती होती. तुला कळलं की तू हातात सापडेल ते घेऊन निघशील, नाहीतर नदीकडं निघशील. कुत्र्याच्या नावानं तुला बांधून ठेवता येत होतं. महिना हे म्हणाले नव्हते, मी म्हणाले होते. घुंगरू पाठवलं ते तुझ्या पत्रातलं वाचवेना म्हणून. त्याचं उपाशी राहणं, तुझं हाका मारणं.

ओल्या मातीचं लिहिलंस तेव्हापासून मी घरात दिवा मालवलेला नाही.

तुला वाटेल ते मला लिही. पण भुऱ्याला उपाशी ठेवू नको. ती विचारील.

आक्का

---

तिसगाव,
२० सप्टेंबर

ती. सौ. आक्कास,

तुला काय लिहायचं होतं ते दोनदा लिहून फाडलं. तू तिचे केस विंचरलेस. त्यापुढं माझा राग कुठं नेऊ?

काल सर्वपित्री होती. नाना सकाळीच आले, तांदूळ घेऊन. आपल्या अंगणात करू द्या म्हणाले. आई म्हणाली, “करा भाऊ. पोरगी रोज इथंच यायची.” लंकीसुद्धा आली. नाना तिला पाहून चपापले, तर ती म्हणाली, “मला ठाऊक हाय नाना. तुमी झोपेत बोलता.” एवढीशी पोर, महिनाभर बापासाठी गप्प राहिली.

दोन पानं मांडली. एक तिचं, एक भुऱ्याचं. भात एकाच पातेल्यातला, बिनमिठाचा. तिच्या पानाला नानांनी पाणी फिरवलं, त्याच्या पानाला मी. यावेळी मी हाक मारली नाही.

लिंबावर कावळे आले. एक खाली उतरला, पानापर्यंत आला. आणि भुऱ्या उठला. स्वतःचं पान ओलांडून तिच्या पानाशी जाऊन आडवा पडला, दोन्ही पायांच्या मधे पान घेऊन, आणि कावळ्यावर गुरगुरला. टोपली परवाच काढलीय. कावळा उडाला. दुसरा आला, त्यालाही तेच. लंकीनं हाड केलं, हलला नाही. मी पट्टा धरायला उठलो तर नाना म्हणाले, “र्‍हाऊ दे.”

मग मला जे कबूल करायचं होतं ते केलं. मोठ्यानं केलं, सगळ्यांसमोर. त्याला मी मरेपर्यंत सांभाळीन. कुणावर हात उचलणार नाही, यात नाना आले, मामा आले. एवढंच. लग्न करणार नाही वगैरे म्हणणार होतो, पण ते ती ऐकून हसली असती.

कावळे वरच. ऊन चढलं. पानाजवळ कुणी जाईना. मग भुऱ्यानं मान खाली घातली आणि तिच्या पानातला घास घेतला. नाव न घेता. तोंड न झटकता. सावकाश चावून, राहिलेल्या बाजूनं, सगळा भात संपवला आणि पान चाटलं.

आई हळहळली, “आता कसं हो?”

नानांनी चाटलेलं पान पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाले, “शिवला. तिचाच हाय त्यो. कावळा काय आन् ह्यो काय.” आणि उठून त्यांनी पानाला नमस्कार केला.

जखमेच्या खळग्यात शितं अडकतात, ती काढावी लागतात. मी पोटॅशचं पाणी केलं, फिक्कं, तू सांगितलंस तसं, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन तोंड धुवायला बसलो. तेवढ्यात त्याची शेपटी हलायला लागली. डोळे बांधाकडं. मान हळूहळू वळायला लागली, लिंबापासून इकडं, इकडं, ओट्याकडं. घुंगरू वाजलं. नानांनी वळून पाहिलं. लंकीनं पाहिलं.

मी पाहिलं नाही आक्का. त्याचा जबडा माझ्या हातात होता. सोडला असता तर पाणी नाकात गेलं असतं.

तुझा
कानिफ